डाव्या डोळ्याचं नाक

शर्यतीच्या नियमानं काच चालत नाही,
म्हणून कोरोलाचे दोन्ही दिवे बाबांनी आधीच काढले होते.
उरल्या दोन खाचा. वर्षभर त्यांतून
पुओलांकाची खडी आणि डास आत जात.
जूनमध्ये, रात्री अकराला, अजून ऊन असताना,
बाबा डाव्या खाचेत कोपरापर्यंत हात घालून म्हणाले,
"हिला इथून नाक काढू."

सत्त्याऐंशीचं इंजिन. त्याला हवा मिळायची ती
स्वतःच्याच पोटाजवळची,
तापलेली, उष्टी.
थंडीसाठी कंपनीनं एक नळी दिलेली,
धुरांड्याच्या अंगावरून ऊब आणणारी;
तिची झडप गंजून उन्हाळाभर उघडीच.
चढावर, दुसऱ्या गिअरला, हिचा ऊर फुटायचा
आणि तैस्तो केम्पाइनेनची ओपल
शेपटी दाखवत निघून जायची.

"गरम हवा म्हणजे पाणी घातलेलं ताक," बाबा म्हणाले.
"पोट भरतं, अंगी लागत नाही."

गोठ्याच्या पंख्याची जुनी ॲल्युमिनियमची नळी होती.
ती कापली, जोडली,
काटकोन कुठेच येऊ दिला नाही.
मग आतून बोट फिरवत राहिले बराच वेळ,
वासराच्या हिरड्या चाचपाव्यात तसे;
जिथं खरखर लागली तिथं पॉलिशपेपर.
मी टॉर्च धरून उभी.
टॉर्चची गरज नव्हती.

गरम आणि गार यांच्यामध्ये भिंत हवी होती.
आईचा पिराक्का भाजायचा पत्रा
मापात बसला.
शनिवारी आईनं ओव्हन उघडला
आणि बाबांना आडनावासकट हाक मारली.

पहिल्यांदा सुरू केली तेव्हा
आवाज मोठा नाही झाला. खोल झाला.
सौनातून धावत येऊन
तळ्यात उडी टाकण्याआधी
आपण घेतो ना,
तसा श्वास.

पाच अश्वशक्ती वाढली असेल. बाबांच्या मते नऊ.
मला एवढंच कळलं की चढावर
पायानं विचारलं आणि उत्तर आलं.
ओपल मागं राहिली.
मी तिसरी आले, सोळा वर्षांत पहिल्यांदा, कशात तरी.

पण आमच्याकडच्या या शर्यतीचा एक कायदा आहे:
गाडीची किंमत ठरलेली, दोन हजार युरो.
शर्यत संपली की कुणीही मागावी
आणि मालकानं नाही म्हणू नये.
गाडीवर फार पैसा ओतू नका, असं त्याचं म्हणणं.
रात्री जागू नका, असं कुठं लिहिलेलं नाही.

सहा चिठ्ठ्या पडल्या.
हेल्मेटमधून निघाली तैस्तोची.

बाबांनी चावी दिली. मग व्हॅनमधून एक पिशवी आणली:
ती जुनी गरम हवेची नळी,
पुसलेली, पट्ट्यासकट, झडप नवी.
"ऑक्टोबरात लाव, नाहीतर कार्बोरेटर गोठेल.
आणि फिल्टर दर दुसऱ्या शर्यतीला धू.
तेल लाव. थोडंच."
तैस्तोनं मान हलवली,
माणसं हलवतात तशी.

घरी येताना ट्रेलर रिकामा खडखडत होता.
बाबा काही बोलले नाहीत.
कायानीला गाडी थांबवून आईसाठी पत्रा घेतला.
दोन घेतले.

ऑगस्टात आम्ही प्रेक्षकांत.
नव्या, म्हणजे त्याहून जुन्या, गाडीचं इंजिन
गोठ्यात सुटं पडलेलं.
सहा गाड्या चढावर, धूळ एवढी की रंग ओळखू येईना.
सॉसेज खाता खाता बाबांनी डोळे मिटले.
"ती ऐक," म्हणाले, "आपली."
आणि थोड्या वेळानं, मिशीवरची मोहरी पुसत:
"फिल्टर धुतला नाही मेल्यानं.
दम लागलाय तिला."